चव्वेचाळीस बाय वीस

राईस मिलमध्ये माझं काम काट्यावर.
कट्टा किती, ओल किती, वजा किती.
म्हणून प्रगती शहारे मलाच म्हणाली,
काका, टेप धरा.

मे महिन्यात ओट्यावर धान नसतं.
वाळवणीचं सगळं सिमेंट
बनियन काढून पडलेल्या माणसासारखं उघडं.
चव्वेचाळीस फूट लांब, वीस फूट रुंद,
चुना मी ओढला, शालिकने बादली धरली.
जाळी ढिवरटोलीतून आली, सुखदेवची, फाटकी,
तलावाच्या वासासकट.
टोकांना छत्तीस इंच, मध्ये चौतीस.
सुखदेव म्हणाला, मध्ये झोल पडते गा.
प्रगती म्हणाली, झोल नियमातच आहे.
तेवढ्यावरच मला हा खेळ आवडला.

कुठून आला म्हणे?
अमेरिकेत, एका बेटावर, पासष्ट साली
सुट्टीत पोरं कंटाळली.
बॅडमिंटनचं मैदान होतं, फूल सापडेना.
बापांनी टेबल टेनिसच्या फळ्या दिल्या,
झाऱ्यासारखा भोकाभोकांचा चेंडू दिला,
जाळी खाली घेतली,
नियम मागाहून केले.
नावाचं मात्र दोघे दोन सांगतात.
एक म्हणतो, घरच्या कुत्र्याचं नाव लोणचं.
दुसरा म्हणतो, शर्यतीत उरल्यासुरल्यांना बसवतात
त्या नावेवरून.
कुत्रं आधी की खेळ आधी
यावर तिकडेही भांडण आहे.

आमच्या फळ्या शालिकने कापल्या
गेल्या मंडईतल्या नाटकाच्या राजवाड्यातून.
माझ्या फळीवर अर्धी खिडकी आहे,
केशरबाईच्या फळीवर मोराची मान.

सर्व्हिस खालून, तिरपी,
आवत्या टाकताना हात जातो तशी.
चेंडू आधी तिकडे टेकू द्यायचा,
परत आला की इकडे टेकू द्यायचा,
मग हवेत मारायला सगळे मोकळे.
जाळीलगतच्या सात फुटांना स्वयंपाकघर म्हणतात.
तिथे उभं राहून हवेतला मारायचा नाही.
टेकलेला असेल तर जा, मारा, बाहेर या.
केशरबाई म्हणाली,
चाळीस वर्षं आतच हावो बाप्पा,
मले तं कोणी फाऊल नाही देल्ला.

गुण ज्याची सर्व्हिस त्यालाच.
अकरा, पण दोनने पुढे.
मोजणी अर्थात माझी:
आधी आपले, मग त्यांचे,
मग सर्व्हिस करणारा पहिला की दुसरा.
डाव मात्र शून्य-शून्य-दोन असा सुरू होतो.
प्रगतीने तीनदा समजावलं.
काट्यावरच्या माणसाला ते अजून पटलेलं नाही.

रविवारी इकडे देवाजी लांजेवार,
तिकडे ऋषी कापगते.
दोघांची वीतभर धुऱ्यावरून साकोलीला केस,
नऊ वर्षं झाली.
कोणी जोड्या लावल्या, मी विचारलं नाही.
नऊ-नऊ-एक, सर्व्हिस ऋषीची,
चेंडू देवाजीच्या मागच्या रेषेपाशी पडला.

आपल्या बाजूचा निकाल आपणच द्यायचा,
शंका असली तर समोरच्याला.

देवाजी गुडघ्यावर हात ठेवून वाकला.
चेंडूला चुना लागला होता.
अंगठ्याने पुसता आला असता,
आम्ही सगळे लांब होतो.
मिलच्या पत्र्यावर कबुतरं चालत होती, तेवढाच आवाज.

"रेषेवर हाय," तो म्हणाला.
"रेषा म्हणजे आत."

दहा-नऊ-एक, मी ओरडलो
नेहमीपेक्षा जरा मोठ्यानेच.

पुढे कोण जिंकलं ते वहीत आहे.
दोघे दोन वाटांनी घरी गेले.
अठ्ठावीसला तारीख आहे, दोघेही जाणार,
एकाच एसटीने, कारण दुसरी नाही.

दिवाळीनंतर नवं धान पडेल,
बायकांच्या पायांनी चुना जाईल.
मी चार कोपऱ्यांत चार खिळे ठोकलेत,
कोणाच्या टाचेला लागू नयेत म्हणून
डोकी ठेचून, सिमेंटबरोबर सपाट.